शेपटीवाली शीळ

लाजऱ्या आमच्यापासून सात-आठ हातांवर, एका कुजक्या ओंडक्यावर उभा होता आणि पाहुणा मला सांगत होता की तो लाजऱ्या नाही.

आता या माणसाला काय म्हणावं? दोन तास चिखल तुडवून, जळवांना रक्त पाजून मी त्याला तिथवर नेलं होतं. ज्या पक्ष्यासाठी लोक तीन-तीन विमानं बदलून येतात आणि बहुतेक जण न बघताच परत जातात, तो पक्षी समोर उभा. तपकिरी पाठ, निळा गळा, एक पाय उचललेला. एवढ्यावर न थांबता त्याने चोच वर करून हाकसुद्धा घातली. पुई, पुई, पूऽ. पाहुण्याने दुर्बीण खाली घेतली, खिशातून मोबाइल काढला, त्यातलं पक्ष्यांचं ॲप उघडलं आणि मान हलवली.

"नाही जुळत," तो कुजबुजला. "लाजऱ्याच्या हाकेत चार सूर असतात. हे तीनच आहेत. तुम्ही मला भलतंच काहीतरी दाखवताय."

"अहो, निळा गळा बघा की."

"गळ्याचं सोडा हो. आवाज जुळत नाही."

आणि मी हात धरायच्या आत त्याने मोबाइलवरचा आवाज मोठा करून लावला. पुई, पुई, पूऽ… टि. लाजऱ्या ओंडक्यावरून उतरला आणि पाचोळ्यात दिसेनासा झाला. पाहुण्याने आपल्या यादीत खूण केली नाहीच, वर जाताना रानाच्या नाक्यावरच्या वहीत शेरा लिहून गेला: ‘मार्गदर्शक बाईंना पक्ष्यांचे ज्ञान नाही.’

बावीस वर्षं मी या पावसाळी रानात माणसं नेते आहे. कुठल्या झाडाच्या ढोलीत कोण राहतं हे मला माझ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. तो शेरा वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेऱ्यापेक्षाही मला राग कशाचा आला असेल तर त्या चौथ्या सुराचा. ती ‘टि’ लाजऱ्याची नाही. कुठल्याच पक्ष्याची नाही. ती माझ्या बाबांची आहे.

हे नीट सांगायला हवं, कारण आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एकतर ते हसण्यावारी नेलं, नाहीतर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

लाजऱ्याला माणसाचा आवाज सोसत नाही. जरा मोठ्याने बोललं तरी तो दिवसभर तोंड दाखवत नाही. म्हणून जुन्या वाटाडे मंडळींची पद्धत अशी होती की रानात दोघांनी जायचं. एकाने पुढे जाऊन पक्षी शोधायचा, दुसऱ्याने मागे पाहुण्यांना धरून ठेवायचं. पुढच्याला पक्षी दिसला की मागच्याला कळवायचं कसं? हाक मारायची सोय नाही. मग तो लाजऱ्याचीच शीळ घालायचा. आपल्याच हाकेने लाजऱ्या बिचकत नाही. पण मागच्याला तरी कळायला हवं ना, की ही शीळ पक्ष्याची की माणसाची? नाहीतर तो पाहुण्यांना घेऊन भलत्याच पक्ष्यामागे रान पालथं घालायचा. म्हणून माणसाने घातलेल्या शिळेला एक शेपटी लावायची. जीभ दातांवर आपटून एक कोरडा, बारका आवाज. शेपटी असली म्हणजे समजायचं की हा माणूस आहे, पक्षी नव्हे, हळू या. प्रत्येकाची शेपटी निराळी. बाबांची ‘टि’. मागून यायची ती माझी आई. ती उत्तर द्यायची, ‘टि टि’. म्हणजे ऐकलं, येते.

एकोणीस वर्षं दोघांनी हेच काम केलं. घरीसुद्धा तेच. बाबा फाटकातून शीळ घालायचे आणि स्वयंपाकघरातून ‘टि टि’ यायचं. बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप असे एकमेकांना हाका मारतात. आई जाऊन आता सात वर्षं झाली. तेव्हापासून बाबांनी शीळ घातलेली नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी एक ध्वनिवाले गृहस्थ आले होते. काठीला केसाळ बोळा लावल्यासारखा माइक, कानांवर वाट्या. ते ओढ्याच्या अलीकडे आडोसा करून एकटेच बसले. नेमकी त्याच दिवशी आई ओढ्यापलीकडे दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन थांबली होती आणि बाबा पुढे, ओढ्याच्या अलीकडे, पक्षी शोधत होते. ध्वनिवाल्यांना शीळ ऐकू आली, त्यांनी ती टिपली, आणि दुसऱ्या दिवशी खूश होऊन निघून गेले. पुढे तीच शीळ पक्ष्यांच्या आवाजांच्या संग्रहात गेली, तिथून पुस्तकांत, तिथून ॲपमध्ये. आज जगात कुठेही लाजऱ्याचा आवाज लावा, माझे बाबा आईला सांगत असतात की हा मी आहे, पक्षी नव्हे. आणि जग म्हणतं, वा, काय पक्षी आहे!

धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, पहिल्यांदा हे घरी ऐकवलं तेव्हा बाबा पोट धरून हसले. "तीस वर्षं पक्षी दाखवला, आता मीच पक्षी झालो," म्हणाले. मलाही तेव्हा गंमत वाटली होती. गंमत संपली ती परवान्याचा नियम आला तेव्हा.

नियम असा, की यापुढे रानात पाहुणे न्यायचे तर वनखात्याची परीक्षा द्यायची. तीस आवाज ऐकवणार, चोवीस ओळखले की पास. पण पहिला आवाज लाजऱ्याचा आणि तो सक्तीचा, कारण खात्याच्या बोधचिन्हावर तोच आहे. तो चुकला की बाकीचे एकोणतीस बरोबर असले तरी नापास. एकदा नापास झालं तर दुसऱ्या परीक्षेपर्यंत काम चालू ठेवता येतं; दोनदा नापास झालं की पुढची पाच वर्षं परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे पाच वर्षं नाक्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. पाच वर्षांनी या गुडघ्यांनी मी कुठल्या चढावर चढणार?

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा बसले. पहिला आवाज लागला. पुई, पुई, पूऽ… टि. मी लिहिलं, ‘माणूस’. बाकी एकोणतीस बरोबर. नापास.

धाकटा माझ्यानंतर अकरा वर्षांनी या धंद्यात आला. घुबड आणि रातवा यांच्या आवाजात त्याची अजून गल्लत होते. तो पहिल्या झटक्यात पास झाला आणि परवाना गळ्यात अडकवून हिंडायला लागला.

पाहुण्याच्या त्या शेऱ्यानंतर दोन आठवड्यांनी माझी दुसरी परीक्षा होती, या वेळी तोंडी, समितीसमोर. आदल्या संध्याकाळी बाबा पायरीवर बसून माझे रबरी बूट घासत होते. स्वतःला रानात जाता येत नाही तर निदान बूट तरी, असं त्यांचं. धाकटा पेरू खात दारात उभा होता.

"ताई, एक शब्द आहे गं. लाजऱ्या. लिही आणि मोकळी हो."

"आणि खरं काय आहे?"

"परीक्षेत खरं कोण लिहितं?" तो म्हणाला. "परीक्षेत उत्तर लिहायचं असतं."

"तुला लाज नाही वाटली लिहिताना? बापाला पक्षी म्हणताना?"

"बाबांना काही वाटत नाही, तर तुला कशाला वाटायला हवं? हो ना बाबा?"

बाबांनी बुटाच्या टाचेतला चिखल काडीने खरवडला. "लिहून टाक की पोरी," ते म्हणाले. "माझं काय झिजतंय त्यात?"

"माझं झिजतंय!" मी ओरडले. शेजारची बाई खिडकीत आली, तशी मी आवाज खाली आणला, पण राग काही खाली येईना. "तुम्हाला माहीत आहे का, त्या समितीतल्या मॅडमनी काय लिहून ठेवलंय? चार सुरांची हाक म्हणजे पूर्ण वाढ झालेला नर. आणि तीन सुरांची? तर म्हणे अपूर्ण हाक. कोवळ्या नरांची, अजून शिकत असलेल्या. म्हणजे रानातले सगळे लाजऱ्या कच्चे आणि पक्का काय तो एकटा माझा बाप!"

धाकट्याला पेरूचा ठसका लागला. बाबाही हसले. मी नाही हसले. उद्या माझ्या पोटावर पाय येणार होता आणि या दोघांना विनोद सुचत होते. बाबांनी बूट बाजूला ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, लिही आणि ये जेवायला." तेवढं म्हणून ते आत गेले. मला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी खात्याच्या कार्यालयात पोचले तर बाहेरच्या बाकावर बाबा. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, भांग पाडलेला. शेजारी धाकटा, माझ्या नजरेला नजर न देणारा.

"यांना कशाला आणलंस?"

"साहेबांशी बोललोय मी," तो म्हणाला. "बाबा फक्त दोन वाक्यं बोलणार. तू आज गप्प बसायचं, ताई. एक दिवस. मी पाया पडतो तुझ्या."

मी काही बोलणार तेवढ्यात शिपायाने मला आत बोलावलं.

समितीची खोली म्हणजे ओलीचं माहेरघर. भिंतींना हिरवट झाक, फायलींच्या पाठींवर बुरशी, कपाटाच्या दारावर लाजऱ्याचं मोठं चित्र आणि त्याच्या पोटावर पाण्याचा डाग. टेबलामागे तिघं. मधे साहेब, ज्यांच्या बुटांना या रानातला चिखल कधी लागलेला मी बघितला नाही. उजवीकडे मॅडम, चार सुरांवर मोठा अभ्यास केलेल्या, बोलायला गोड. डावीकडे इतिवृत्त लिहिणारा कारकून. टेबलावर एक काळा, लहानसा स्पीकर.

"बसा, बाई," साहेब म्हणाले. "गेल्या वेळी फार छान गुण होते तुमचे. एक प्रश्न तेवढा राहिला. तो आज उरकून टाकू."

मॅडमनी आवाज लावला. पुई, पुई, पूऽ… टि.

मी धाकट्याचं बोलणं आठवलं. परवाना आठवला. गप्प बसायचं ठरवून तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "माणूस."

साहेबांनी उसासा टाकला. "कोण माणूस?"

"माझे वडील."

"हां. ते आलेत ना बाहेर? बोलवा त्यांना. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

बाबा आत आले. त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले. साहेबांनी पुन्हा आवाज लावायला सांगितला. बाबांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"आजोबा, कोण आहे हे?"

"पक्षी आहे, साहेब," बाबा म्हणाले. "लाजऱ्या. लेक जरा हट्टी आहे माझी. मनावर घेऊ नका."

कुणी तरी फाडकन थोबाडीत मारावी तशी माझी गत झाली. ज्या माणसाने मला बोट धरून शिकवलं की पक्षी दिसला नसेल तर नाही दिसला म्हणायचं, पाहुणा कितीही मोठा असो, तो माणूस माझ्यासमोर स्वतःचा आवाज नाकारत होता. आणि ते माझ्यासाठी, हे कळत होतं, म्हणून जास्तच संताप होत होता. कुणावर ओरडायचं तेच कळेना.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. वर सहीची जागा, शेजारी रबरी शिक्का तयार. "झालं तर मग. लिहा बाई. सही मी आत्ताच करतो."

मी पेन उचललं. खरंच उचललं. खोटं कशाला बोलू? बाप एवढं गिळू शकतो तर मीही एक शब्द गिळीन, असं त्या क्षणी मनात आलं. पण तेवढ्यात मॅडमना माझी दया आली.

"अहो, अशा नाराज होऊन नका लिहू," त्या म्हणाल्या. "तुमचं शंकानिरसन व्हायला हवं. ॲपमध्ये कापलेला तुकडा आहे. माझ्याकडे मूळ टेप आहे, पूर्ण. त्यात पुढे मादीसुद्धा आहे. ऐका, म्हणजे तुमच्या मनातलं जाईल."

त्यांनी आपल्या लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. आधी नुसती खरखर. मग ओढ्याचं पाणी, पानांवरून ठिबकणारे थेंब. मग जवळून, स्वच्छ, पुई, पुई, पूऽ… टि. मग बराच वेळ काही नाही. आणि मग लांबून, पाण्याच्या पलीकडून, बारीक:

टि टि.

"ही मादी," मॅडम म्हणाल्या. "बघा, किती लांबून उत्तर देतेय. नराला ओळखते म्हणून. तुम्हीच सांगा, माणसाने शीळ घातली तर मादी असं उत्तर देईल का?"

साहेब हसले. "माणसाला घरची मादी उत्तर देत नाही हो, मॅडम!"

कारकूनही हसला. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, त्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"परत लावा," ते म्हणाले.

मॅडमनी परत लावलं. पाणी, थेंब, शीळ, शांतता. टि टि.

"परत."

"आजोबा, वेळ—" साहेब म्हणाले.

"परत लावा!" बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की शिपायाने दारातून डोकं आत घातलं. तिसऱ्यांदा लागलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि मॅडमकडे बघून, अगदी हळू म्हणाले, "मादी म्हणू नका तिला. माझी बायको होती ती."

माझ्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

साहेबच आधी सावरले. "अहो आजोबा, आत्ताच तर तुम्ही म्हणालात पक्षी आहे."

"खोटं बोललो."

"का?"

"पोरीचा परवाना अडलाय म्हणून."

"मग आता खरं बोलताय हे कशावरून मानायचं?"

बाबांनी ओठ ओले केले. सात वर्षं ज्या ओठांनी शीळ घातली नव्हती ते ओठ आधी नुसते थरथरले, हवा गेली. दुसऱ्यांदा मात्र जमलं. पुई, पुई, पूऽ… टि. त्या बुरसट खोलीत ती स्पीकरपेक्षा मोठी वाजली. तीच शीळ. शेवटच्या सुराच्या आधीचा तोच पाव श्वास. शीळ घालून बाबा थांबले. उत्तराला थांबायची सवय होती, म्हणून थांबले. मला तिथल्या तिथे हंबरडा फोडावासा वाटला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! वा! काय हुबेहूब नक्कल करता हो!"

"नक्कल?" मी उठले. खुर्ची मागे पडली ती तशीच पडू दिली. "नक्कल कोण कुणाची करतंय? माझा बाप ओरिजिनल आहे, साहेब! तुमचा पक्षी रानात तीन सुरांत ओरडून ओरडून सांगतोय आणि तुम्हाला ऐकू येत नाही, कारण तुमच्या डब्यात चार आहेत! या कपाटावर चित्र लावलंय, तो पक्षी तरी कधी समोर बसलेला बघितलात? मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही ऐकलंत ना आत्ता? तुमचे कान तयार आहेत. सांगा यांना."

मॅडम लॅपटॉपकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना कळलं होतं. हे मी कुणासमोरही शपथेवर सांगेन. आम्ही घरच्या तिघांनी जेवढं ओळखलं असतं तेवढंच त्यांनी ओळखलं होतं, कारण अकरा वर्षं त्यांनी हेच सूर मोजले होते. मी वाट बघितली. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, "नक्कल चांगली आहे. वाटाडे मंडळींमध्ये ही कला असते."

त्या बाईचा मला जेवढा राग आला तेवढा साहेबांचाही आला नाही. साहेबांना ऐकू येत नव्हतं. हिला ऐकू आलं होतं.

"हे बघा बाई," साहेब मवाळ झाले, "पंचवीस वर्षं सगळं जग ज्याला लाजऱ्या म्हणतंय त्याला तुमच्या एकटीसाठी मी माणूस कसा म्हणू? उद्या पास झालेले सगळे नापास करायचे का? ऐका माझं. एक शब्द लिहा. मी सही करतो. आजोबांनी जे सांगितलं ते या खोलीतच राहील."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी लिही म्हटलं असतं तर मी लिहिलं असतं. लिहू नकोस म्हटलं असतं तर तेही सोपं गेलं असतं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"ती टेप मला मिळेल का?" ते मॅडमना विचारत होते. "पक्षी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. फक्त ते शेवटचं तेवढं द्या. फोनवर दिलंत तरी चालेल."

"ती संस्थेची मालमत्ता आहे, आजोबा," मॅडम म्हणाल्या. "रीतसर अर्ज करावा लागेल."

मी टेबलावर पडलेलं पेन घेतलं आणि कागद ओढला. सही-शिक्क्याच्या रकान्यातसुद्धा जाईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘पहिला आवाज माझ्या बाबांचा. दुसरा आवाज माझ्या आईचा.’ कागद साहेबांसमोर आपटला, बाबांचा हात धरला आणि बाहेर आले.

धाकटा उठून उभा राहिला. "झाली सही?"

"तू त्यांना इथे आणलंस," मी म्हणाले. "बापाला खोटं बोलायला लावलंस. माझ्यासमोर उभा राहू नकोस, माझा हात उठेल."

"मी तुझ्यासाठीच—"

"तिची शीळ आहे आत," बाबा मधेच म्हणाले. "पुढे कापलेली आहे ती. ‘टि टि’ म्हणतेय. मला देत नाहीत."

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो भिंतीला टेकला, मग एकदम ताडताड आत गेला. त्याचा आवाज वाढत गेला, साहेबांचा वाढत गेला, आणि शेवटी शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं तेव्हा त्याच्या गळ्यातला परवाना नव्हता. तो त्याने स्वतः फेकला की त्यांनी काढून घेतला हे त्याने अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही तिघं घरी आलो.

बारा दिवसांनी खात्याचं पाकीट आलं. बाबा पायरीवर बसले होते. मी उभ्या उभ्या फोडलं. छापील फॉर्म होता, फक्त रकाने हाताने भरलेले, त्या कारकुनाच्या सुबक अक्षरात. निकाल: अनुत्तीर्ण. पुढील परीक्षा: पाच वर्षांनंतर. आणि त्याखाली, कारण: ‘उमेदवारास लाजऱ्या पक्ष्याच्या नराचा, तसेच मादीचा, आवाज ओळखता आला नाही.’

मी ते दोनदा वाचलं. त्या क्षणी माझ्यासमोर ते तिघं असते तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"नापास."

"कारण काही लिहिलंय?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "कारणाचा रकाना रिकामाच सोडलाय." आणि अक्षरं आत राहतील अशी घडी घालून कागद पाकिटात परत घातला.